मिरजेतून लातूरला पाण्याची ट्रेन गेली, मग तीनच वर्षांत महापूर कसा आला? धरणाचं गणित समजून घ्या

११ एप्रिल २०१६ रोजी मिरज स्टेशनवरून एक वेगळीच मालगाडी निघाली. तिच्या १० टँकर डब्यांत होतं कृष्णेचं पाणी, सुमारे ५ लाख लिटर. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोहोचली. लातूर शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पुढे डब्यांची संख्या ५० झाली, गाडीला 'जलदूत' हे नाव मिळालं आणि ऑगस्टपर्यंत तिच्या शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. एकूण सुमारे २६ कोटी लिटर पाणी मिरजेतून लातूरला गेलं.

त्यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, त्याच कृष्णेनं सांगली आणि मिरजेचा नदीकाठ बुडवला. सांगलीत इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

आणि २०२३ च्या उत्तरार्धात याच सांगलीजवळ कृष्णेचं पात्र कोरडं पडलं. कोयना धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचं, यावरून सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वाद रंगला.

एकाच नदीवर सात-आठ वर्षांत हे तिन्ही प्रकार घडले. दर वेळी सोशल मीडियावर प्रश्नही ठरलेले असतात. पाणी आधीच का सोडलं नाही? एवढं का सोडलं? साठवून का ठेवलं नाही? या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर धरण कसं चालवतात, ते आधी पाहावं लागेल.

आधी टीएमसी आणि क्युसेक समजून घेऊ

धरणाच्या बातमीत दोन शब्द हमखास असतात.

टीएमसी म्हणजे साठा. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३१ कोटी लिटर पाणी.

क्युसेक म्हणजे वेग. एक क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर पाणी.

या दोघांची सांगड घालणारा एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक लाख क्युसेकनं दिवसभर पाणी वाहिलं, तर २४ तासांत सुमारे साडेआठ टीएमसी पाणी निघून जातं.

आता जलदूतकडे पुन्हा बघा. चार महिन्यांत शंभराहून जास्त फेऱ्यांनी नेलेलं २६ कोटी लिटर पाणी एका टीएमसीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी भरतं. एक लाख क्युसेक विसर्ग सुरू असलेल्या धरणातून तेवढं पाणी दीड मिनिटात बाहेर पडतं. ५० डब्यांच्या एका गाडीचं २५ लाख लिटर पाणी तर एका सेकंदाच्या आत.

म्हणजे पुराचं पाणी उचलून दुष्काळी भागात न्यायचं, ही कल्पना ऐकायला सोपी असली तरी आकड्यांचा मेळ बसवणं अवघड आहे. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळची उपसा सिंचन योजना कृष्णेचं पाणी कवठेमहांकाळ आणि जतकडे नेते. पुराच्या काळात ती चालवून तिकडचे तलाव भरून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि तलावांना त्याचा फायदाही होतो. मात्र मोटारी जेवढं पाणी उचलतात, त्यानं पुराच्या लाखो क्युसेकवर फारसा फरक पडत नाही. पूर कमी करायचा तर ते पाणी वरच, धरणात, अडवावं लागतं.

मिरजेपर्यंत पाणी येतं कुठून?

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. वाटेत धोम धरण लागतं. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना नदी तिला मिळते. सांगलीच्या तोंडावर हरिपूरला वारणा येते. मग मिरजेचा कृष्णाघाट आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्यानंतर राजापूर बंधारा ओलांडून नदी कर्नाटकात जाते आणि पुढे अलमट्टी धरणात शिरते.

मिरजेच्या वरच्या धरणांत सगळ्यात मोठा साठा कोयनेचा, १०५.२५ टीएमसी. वारणेचं चांदोली धरण सुमारे ३४ टीएमसीचं, तर धोम साडेतेरा टीएमसीचं आहे. त्यामुळे सांगली-मिरजेतल्या लोकांची नजर पावसाळ्यात दोन आकड्यांवर असते: 'कोयनेत किती टीएमसी?' आणि 'इर्विनला किती फूट?'

सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा वस्त्यांमध्ये घर कधी सोडायचं, हे या आकड्यांवरच ठरतं. नदीकाठच्या गावांत प्रश्न आणखी अवघड असतो, कारण तिथे माणसांबरोबर जनावरंही हलवायची असतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. पाणी किती येणार आणि कधी येणार, हे वेळेत कळण्याचं मोल इतकं मोठं आहे.

धरण भरून ठेवायचं की रिकामं?

खरी अडचण इथे आहे.

पाणी साठवायचं असेल तर धरण भरलेलं हवं आणि पूर अडवायचा असेल तर रिकामं हवं. एकाच धरणाकडून एकाच महिन्यात या दोन्ही गोष्टी हव्या असतात.

आपल्याकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे, त्यावर पुढच्या वर्षभराच्या पिण्याच्या, शेतीच्या आणि विजेच्या पाण्याचं नियोजन होतं. त्यामुळे पावसाळा संपेपर्यंत धरण भरलंच पाहिजे, हा दबाव कायम असतो. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा, याचं एक वेळापत्रक असतं. जलसंपदा विभागाच्या भाषेत त्याला 'जलाशय परिचालन सूची' म्हणतात.

समजा, ऑगस्टच्या सुरुवातीला कोयनेत २५ टीएमसी जागा रिकामी ठेवली. एक लाख क्युसेकनं पाणी येत राहिलं, तर ही जागा साधारण तीन दिवस ते पाणी पोटात घेऊ शकते. महापुरात असे तीन दिवस फार मोलाचे असतात, कारण तेवढ्यात वारणा आणि पंचगंगेचं पाणी थोडं ओसरू शकतं.

पण पुढे पाऊसच आला नाही तर? ते २५ टीएमसी पाणी वर्षभरासाठी हातचं गेलं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, कोयना पूर्ण भरलं नाही आणि नदीचं पात्र कोरडं पडल्यावर काय होतं, ते सांगलीनं पाहिलं.

म्हणून जुलै-ऑगस्टमधला धरणाचा प्रत्येक निर्णय ही एक प्रकारची पैज असते. ती हरली की एका बाजूला महापूर आणि दुसऱ्या बाजूला टंचाई. २०१९ चं उदाहरण बोलकं आहे. त्याआधीच्या पावसाळ्यानंतर राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. सांगली जिल्ह्यातले जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके त्यात होते. अशा उन्हाळ्यातून बाहेर पडल्यावर जुलैमध्ये 'धरण रिकामं ठेवा' असं कोण म्हणणार?

पाऊस येणार हे कळल्यावर आधीच पाणी का सोडत नाहीत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्याची तीन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर नदीच्या मर्यादेचं. २५ टीएमसी जागा करायची आणि खालच्या गावांना धक्का लागू द्यायचा नाही, म्हणून ५० हजार क्युसेकनं पाणी सोडलं, तर जवळपास सहा दिवस लागतात. तेही वरून नवीन पाणी अजिबात येत नसेल तर. म्हणजे निर्णय सहा-सात दिवस आधी घ्यावा लागेल.

दुसरं उत्तर अंदाजाचं. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. या सगळ्या भागावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळं पाणी धरणात आलं, तर सुमारे ३ टीएमसी वाढतात. ३०० मिलिमीटर पडला तर ९ टीएमसी. घाटमाथ्यावर एका दिवसात एवढा पाऊस पडणं नवीन नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

'घाटमाथ्यावर मुसळधार' हे हवामान खातं काही दिवस आधी सांगू शकतं. पण कोयनेच्याच पाणलोटात १०० मिलिमीटर पडेल की ३००, हे आठवडाभर आधी खात्रीनं सांगणं आजच्या विज्ञानालाही अवघड आहे. पावसाचा मुख्य पट्टा थोडा सरकला, तर कोयनेऐवजी वारणेत किंवा राधानगरीत पाऊस पडतो. धरण चालवणाऱ्याला मात्र नेमका तोच फरक माहीत असावा लागतो.

तिसरं उत्तर धरणाच्या रचनेचं आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. कोयनेचे सहा वक्र दरवाजे धरणाच्या वरच्या भागात, सांडव्यावर आहेत. पाण्याची पातळी सांडव्याच्या खाली असेल, तर दरवाजे उघडूनही पाणी बाहेर पडणार नाही. तेव्हा कृष्णेच्या दिशेनं पाणी सोडायचा मुख्य मार्ग उरतो पायथा विद्युतगृहाचा आणि तिथून दोन्ही युनिट मिळून जातात २,१०० क्युसेक. या वेगानं एक टीएमसी कमी व्हायला साडेपाच दिवस लागतात. बादलीचं भोक तळाशी नसून वरच्या काठाजवळ आहे, असं समजा.

मग कोयनेचं पाणी पश्चिमेला का वळवत नाहीत?

कोयना धरण मुळात विजेसाठी बांधलं. तिथलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे नेऊन वीज तयार करतात आणि ते पुढे वाशिष्ठी नदीतून चिपळूणकडे जातं. कृष्णा पाणीतंटा लवादानं या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे.

पुराच्या वेळी हे पाणी वाढवावं, अशी सूचना नेहमी येते. पण जनित्रांतून एका वेळी किती पाणी जाऊ शकतं याला मर्यादा असते. शिवाय घाटाच्या दोन्ही बाजूंना पाऊस बहुधा एकाच वेळी कोसळतो. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पाणी चढण्याच्या आधी, २२ जुलैला, चिपळूण शहर बुडालेलं होतं. एकाचा पूर दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडण्यात काही अर्थ नाही.

पुराचं सगळं पाणी धरणातूनच येतं का?

नाही. धरणाच्या भिंतीच्या खाली पडणारा पाऊस कोणत्याही दरवाजानं अडत नाही. कोयना ते कऱ्हाड, कऱ्हाड ते सांगली या टप्प्यातले सगळे ओढे-नाले थेट कृष्णेत येतात. कोल्हापूरकडच्या पंचगंगेच्या खोऱ्यात तर पावसाच्या मानानं साठवण कमीच आहे. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की ते आपोआप उघडतात.

यात वेळेचाही खेळ असतो. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोहोचायला दिवसभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं. त्याच सुमाराला वारणेचा पूर हरिपूरला आला आणि पुढे पंचगंगा नृसिंहवाडीला तुंबली, तर मधल्या सांगली-मिरजेच्या पट्ट्यातलं पाणी लवकर उतरत नाही.

आणि अलमट्टी?

सांगली-कोल्हापुरात पुराची चर्चा अलमट्टीशिवाय पूर्ण होत नाही. कर्नाटकातलं हे धरण ५१९.६० मीटर पातळीपर्यंत भरतं. ती पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची कर्नाटकची योजना आहे. दुसऱ्या कृष्णा लवादानं २०१० मध्ये त्याला परवानगी दिली. महाराष्ट्रातून त्याला विरोध आहे.

२०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं जलसंपदा विभागाचे निवृत्त अधिकारी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला. अतिवृष्टी हे पुराचं मुख्य कारण असून अलमट्टीमुळे हा पूर आला नाही, असा तिचा निष्कर्ष होता. अनेक स्थानिक कार्यकर्ते आणि काही निवृत्त अभियंत्यांना तो मान्य नाही.

वाद मिटत नाही, याचं एक कारण विज्ञानातही आहे. धरणाचा फुगवटा किती मागे येतो, हे फक्त भिंतीच्या उंचीवरून ठरत नाही. नदीचा उतार, वाटेतले पूल आणि बंधारे, पात्रातली अतिक्रमणं आणि साचलेला गाळ, हे सगळं त्यात येतं. नदी जिथे धरणाच्या संथ पाण्याला भेटते, तिथे तिचा वेग कमी होतो आणि गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षं तसं झालं की पात्र उथळ होतं. त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या मोजणीवर केलेलं गणित आज तसंच लागू पडेल, याची खात्री नसते. पात्राची मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि दोन्ही राज्यांना मान्य होईल अशा पद्धतीनं करावी लागते.

जून २०२१ मध्ये तत्कालीन जलसंपदा मंत्री जयंत पाटील यांनी बेंगळुरूत जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची भेट घेतली. पावसाची आणि विसर्गाची माहिती दोन्ही राज्यांनी वेळेवर एकमेकांना द्यावी, हा त्या भेटीचा विषय होता. महिन्याभरात पुन्हा पूर आला आणि इर्विनला पाणी ५४ फुटांच्या वर गेलं.

गाळ आणि पूररेषा: दोन प्रश्न जे पावसाळा संपल्यावर विसरले जातात

पहिला गाळाचा. गाळ बसला की धरणाची क्षमता कमी होते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २०२३ मधल्या अभ्यासानुसार, गाळामुळे जगातली मोठी धरणं २०५० पर्यंत आपल्या मूळ साठवणक्षमतेपैकी सुमारे एक चतुर्थांश क्षमता गमावतील. धरण '१०० टक्के भरलं' असं आपण म्हणतो, तेव्हा ते कोणत्या वर्षी मोजलेल्या क्षमतेच्या १०० टक्के, हा प्रश्न विचारायला हवा.

दुसरा पूररेषेचा. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधलं क्षेत्र निषिद्ध, तर निळ्या आणि लाल रेषेमधलं नियंत्रित. नियम स्पष्ट आहे, पण बांधकामं थांबलेली नाहीत.

त्यात पंचाईत अशी की '१०० वर्षांतून एकदा' हे गणित जुन्या नोंदींवर बांधलेलं असतं. सांगलीत २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर, २०२१ मध्ये ५४ च्या वर. १६ वर्षांत तीन महापूर. पावसाचं वागणं बदलत असेल, तर रेषाही बदलाव्या लागतील.

जगात कुणाला हे जमलंय का?

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराजवळ वायव्हेनहो नावाचं धरण आहे. त्यात पिण्याच्या पाण्याचा साठा वेगळा आणि त्याच्या वर फक्त पुरासाठी राखून ठेवलेली रिकामी जागा वेगळी आहे. ही राखीव जागा पाण्याच्या साठ्यापेक्षाही मोठी आहे. तरीही जानेवारी २०११ मध्ये ब्रिस्बेन बुडालं. धरण चुकीचं चालवलं म्हणून हजारो पूरग्रस्तांनी खटला भरला. २०१९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण धरण चालवणारी सरकारी कंपनी २०२१ मध्ये अपिलात जिंकली.

म्हणजे राखीव जागा असूनही निर्णय सोपा झाला नाही. पण तिथे एक गोष्ट होती. धरण कोणत्या स्थितीत कसं चालवायचं, याची लिखित नियमावली होती. त्यामुळे प्रत्येक तासाचा विसर्ग त्या नियमावलीशी ताडून पाहता आला.

कोयनेसारख्या धरणांत पुरासाठी अशी वेगळी जागा ठेवलेली नाही. नव्यानं ठेवायची तर कुणाचं तरी पाणी किंवा वीज कमी करावी लागेल. तो निर्णय राजकीय आहे. पण तोपर्यंत करता येण्यासारखं बरंच आहे: पाणलोटात जास्त पर्जन्यमापक, पावसाच्या अंदाजानुसार साठ्याचं वेळापत्रक बदलण्याची सोय, कोयनेपासून अलमट्टीपर्यंतची माहिती एकाच ठिकाणी, गाळाची नियमित मोजणी आणि पूररेषेची अंमलबजावणी.

पुढच्या पावसाळ्यात बातमी कशी वाचाल?

'कोयना ८५ टक्के भरलं' हा मेसेज आला की एवढ्यावर थांबू नका. चार गोष्टी बघा.

१. तारीख कोणती? ३१ जुलैचे ८५ टक्के आणि १५ सप्टेंबरचे ८५ टक्के यांत मोठा फरक आहे. जुलैअखेर धरण इतकं भरलं असेल, तर अर्धा पावसाळा बाकी आणि जागा मात्र थोडी.

२. आवक जास्त की विसर्ग? आवक जास्त असेल तर साठा वाढत जाणार आणि विसर्गही वाढण्याची शक्यता असते.

३. वारणा आणि पंचगंगेची स्थिती काय? फक्त कोयना पाहून सांगली-मिरजेचा अंदाज बांधता येत नाही.

४. इर्विनला पाणी ४० फुटांच्या जवळ आलंय का? ती इशारा पातळी आहे. पाणी दर तासाला किती चढतंय, हेही बघा. सखल भागात राहणाऱ्यांनी ४५ ची वाट बघू नये.

आणि 'धरण फुटलं', 'अचानक सगळे दरवाजे उघडले' असे मेसेज पुढे पाठवण्याआधी जिल्हा प्रशासनाचा किंवा जलसंपदा विभागाचा त्या तासाचा आकडा तपासा. पुराच्या रात्री एका चुकीच्या मेसेजवर लोक जनावरं सोडून घराबाहेर पडतात आणि एका खऱ्या मेसेजवर वेळेत सुरक्षित जागी पोहोचतात.